दिसत नाही, उघडत नाही, सेव्ह होत नाही

छोट्या ऑफिसांची नेटवर्क सांभाळणं हा माझा व्यवसाय. पुण्यातल्या पेठांमधले छापखाने, डीटीपीवाले, चार्टर्ड अकाउंटंट, आर्किटेक्ट, एखादं क्लिनिक, अशी माझी गिऱ्हाइकं. यांतल्या बहुतेक ठिकाणी सगळी मशीन एका जातीची नसतात. हिशेबाच्या टेबलावर टॅलीसाठी विंडोज, मांडणी करणाऱ्याकडे मॅक, आणि कोपऱ्यात फाइली ठेवायला लिनक्सचा सर्व्हर किंवा नॅसचा डबा. या तिघांनी एकच फोल्डर वापरावा, एवढीच मालकाची अपेक्षा असते. ती पुरी करताना हाती आलेलं शहाणपण कुठल्या कोर्समध्ये सलग मिळत नाही. ते अडलेल्या कामासमोर बसून तुकड्यातुकड्यांनी मिळतं. म्हणून ते एकत्र लिहून ठेवावंसं वाटलं.

फोन येतो तेव्हा वाक्य ठरलेलं असतं. "ताई, सर्व्हर बंद पडलाय." सर्व्हर सहसा चालूच असतो. म्हणून मी एक प्रश्न विचारते. दिसत नाही, की दिसतो पण उघडत नाही, की उघडतो पण सेव्ह होत नाही? समोरच्याला सुरुवातीला हा प्रश्न फाटे फोडणारा वाटतो. पण ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींची औषधं वेगळी आहेत. यातलं कोणतं आहे हे ठरायच्या आधी सेटिंग बदलायला हात लावायचा नाही, हा माझ्या कामातला पहिला नियम झाला.

दिसत नाही अशी तक्रार असेल तर मी आधी सर्व्हरचा आयपी पत्ता पिंग करते. उत्तर आलं नाही तर वायर, स्विच, राउटर तपासायचे. उत्तर आलं तर एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन तोच पत्ता टाकायचा. फोल्डर उघडला, तर सर्व्हर ठणठणीत आहे. तो फक्त नावाने सापडत नाही. एवढ्या तपासणीने पुढची बरीच वणवण वाचते.

नारायण पेठेतल्या एका डीटीपी ऑफिसात सकाळी सगळं चालत होतं आणि दुपारनंतर मांडणीवाल्या दोघांना सर्व्हर दिसेना. मधल्या वेळेत काय झालं असं विचारलं तर सगळे म्हणाले, काहीच नाही. थोडं खोदून विचारल्यावर कळलं की इंटरनेटवाल्यांचा माणूस येऊन नवा राउटर लावून गेला होता. जुना राउटर त्याने न काढता नव्याच्या मागे तसाच जोडून ठेवला होता. दोन्ही राउटर आपापल्या परीने पत्ते वाटत होते. मांडणीवाले नव्या वायफायवर गेले, सर्व्हर जुन्याच्या मागे राहिला. इंटरनेट सगळ्यांचं नीट चालत होतं, म्हणून नेटवर्कबद्दल कोणाला शंकाच आली नाही. जुन्या राउटरचं पत्ते वाटणं बंद केलं, त्याला नुसता वायफायचा खांब करून टाकला, आणि सगळे एका नेटवर्कवर आले. एक लॅपटॉप तरीही अडून बसला. राउटर बदलल्यामुळे विंडोजने ते नवं नेटवर्क समजून 'पब्लिक' प्रकारात टाकलं होतं, आणि त्या प्रकारात फाइल शेअरिंग आपोआप झाकलं जातं. तेव्हापासून "काय झालं" विचारण्याआधी "कालपासून काय बदललं, कोण येऊन गेलं" हे मी विचारते.

२०१७ साली या धंद्याला मोठं वळण मिळालं. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारा पॅच दिला होता. तो न लावलेल्या मशीनवर १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. ते भोक होतं फाइल शेअरिंगच्या एसएमबी या भाषेच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीच्या हाताळणीत. एका मशीनवर शिरला की तो ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून शेजारची मशीन शोधत जाई. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चं अपडेट आलं आणि त्यात ही पहिली आवृत्ती नव्या मशीनवर मुळात बसवायचीच बंद केली. हे योग्यच होतं. पण नेटवर्कमधल्या मशीनची जुनी यादी याच आवृत्तीच्या आधारावर बनत असे. त्यामुळे ऑफिसामागून ऑफिसात 'नेटवर्क' उघडल्यावर यादी रिकामी दिसू लागली.

त्यावरचा उपाय तोंडोतोंडी पसरला. विंडोजच्या फीचर्समध्ये जायचं, एसएमबी १ समोर टिक करायची, मशीन रीस्टार्ट करायचं, यादी परत. मालक म्हणत, "ताई, शेजारच्यांनी केलंय, तुम्ही पण करून द्या ना, दोन मिनिटांचं काम आहे." मी नाही म्हणत राहिले. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवला, प्रत्येक विंडोजवर ड्राइव्हचं अक्षर देऊन फोल्डर जोडला, लिनक्सवर विंडोजला नव्या पद्धतीने ओळख देणारा डब्ल्यूएसडीडी आणि मॅकसाठी अवाही बसवला. याला वेळ जास्त लागला आणि बिलही जास्त झालं. एक-दोन गिऱ्हाइकं दुखावली. पण ज्या दारातून नुकताच दरोडा पडला होता तेच दार सोयीसाठी पुन्हा उघडून देणं मला पटणारं नव्हतं. या कामात 'चालू करून देणं' आणि 'नीट करून देणं' यांत फरक असतो, आणि गिऱ्हाइकाला तो फरक समजावून सांगणं हेही आपलंच काम आहे, हे त्या काळात पक्कं झालं.

दुसरं वळण माझ्या स्वतःच्या समजुतीत आलं. त्याआधी मी पडद्यावरचा संदेश वाचून अंदाज बांधत असे. विंडोज एकच वाक्य दहा कारणांसाठी वापरतं. मग मी वायरशार्क लावून नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं वाचायला शिकले आणि प्रत्येक वेळी तोच क्रम दिसू लागला. आधी दोन्ही मशीन कोणत्या आवृत्तीत बोलायचं ते ठरवतात. मग येणारा कोण आहे याची ओळख पटवली जाते. त्यानंतर ठरावीक शेअर मागितला जातो. आणि शेवटी त्यातली फाइल. या चार पायऱ्यांपैकी बोलणं कुठे तुटलं ते पॅकेटात स्वच्छ दिसतं. 'लॉगॉन फेल्युअर' आलं तर सर्व्हरने माणसालाच ओळखलं नाही. 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर माणूस ओळखला, पण त्याला तेवढा अधिकार नाही. पडद्यासमोरच्या माणसाला दोन्ही वेळा फोल्डर उघडत नाही एवढंच दिसतं. पहिल्यात पासवर्ड तपासायचा, दुसऱ्यात परवानग्या. कुठे तुटलं ते आधी, का तुटलं ते नंतर.

ज्या प्रोग्रॅममुळे लिनक्सला विंडोजशी बोलता येतं तो सांबा अशाच निरीक्षणातून जन्मला. एसएमबी ही भाषा १९८३च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२च्या सुमारास ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या विद्यापीठात असताना, कोणतेही कागद हाताशी नसताना केवळ पॅकेटं निरखून तिचे नियम ओळखले आणि सांबाचा पाया घातला. मायक्रोसॉफ्टची अधिकृत तांत्रिक माहिती सांबाच्या मंडळींना मिळाली ती थेट डिसेंबर २००७मध्ये, युरोपातल्या न्यायालयाच्या निकालानंतर, दहा हजार युरोंच्या एकरकमी शुल्कावर. मधली सगळी वर्षं ती माणसं तारेवरचं बोलणं ऐकून काम करत राहिली. आज माझ्या गिऱ्हाइकांकडच्या नॅसच्या डब्यांमध्ये आत सांबाच चालतो. अडलेल्या वेळी मला सांबाच्या त्या मंडळींचा मोठा आधार वाटतो.

उघडत नाही या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा ओळखीत असतं. माणसं रोज चार आकडी पिन टाकून विंडोजमध्ये शिरतात आणि खरा पासवर्ड विसरून जातात. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. सांबाचं पासवर्डांचं दप्तर लिनक्सपेक्षा वेगळं असतं, त्यामुळे सर्व्हरवर खातं असूनही सांबात नाव घातलेलं नसेल तर दार उघडत नाही. मॅकवरचा फोल्डर विंडोजला द्यायचा असेल तर शेअरिंगच्या पर्यायांमध्ये त्या माणसाच्या नावापुढे वेगळी टिक करून त्याचा पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो. आणि विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच नावाने बोलतं. सकाळी कोणी दुसऱ्याच्या नावाने एखादा फोल्डर उघडलेला असला की दुपारी स्वतःचं नाव टाकून दुसरा उघडत नाही. १२१९ क्रमांकाची चूक येते. जुनी जोडणी तोडली, क्रेडेन्शियल मॅनेजरमधला जुना पासवर्ड काढला की काम होतं. यात अवघड काहीच नाही. पण ओळखीचा मुद्दा आहे हे आधी कळलेलं असावं लागतं.

एका सीएंच्या ऑफिसात जुलै महिन्यात, रिटर्न भरायच्या ऐन गर्दीत, झेरॉक्सच्या मोठ्या मशीनवरून स्कॅन फोल्डरात येईनासे झाले. सर्व्हर नुकताच नवा केला होता आणि नव्या सांबाने २०१९पासूनच पहिली आवृत्ती मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवलेली होती. स्कॅन करणाऱ्या मशीनला मात्र तीच एक भाषा येत होती, आणि कंपनीकडून त्यासाठी नवं फर्मवेअर येणार नव्हतं. साहेब म्हणाले, "एक महिन्यापुरतं जुनं चालू करा, मग बघू." त्या सर्व्हरवर शेकडो लोकांचे पॅन, बँकेचे उतारे, विवरणपत्रं होती. मी तिथलाच एक पडून असलेला पीसी घेतला आणि त्याला फक्त स्कॅन स्वीकारायचं काम दिलं. झेरॉक्स मशीन एफटीपीने त्याच्याकडे फाइल टाकतं आणि तो पीसी दर मिनिटाला ती सर्व्हरवर नेऊन ठेवतो. संध्याकाळपर्यंत स्कॅन सुरू झाले. ती व्यवस्था अजून चालू आहे. जुन्या यंत्रासाठी सगळ्या ऑफिसची सुरक्षा खाली आणायची नाही. त्या यंत्राला वेगळी वाट काढून द्यायची.

सेव्ह होत नाही हे सगळ्यात चिवट दुखणं. विंडोजवर शेअर केलेल्या फोल्डराला परवानग्यांचे दोन थर असतात, एक शेअरचा आणि एक डिस्कवरचा, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला त्यांतला जास्त कडक असेल तो लागू होतो. वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा असला तरी आतल्या खोलीला कुलूप असू शकतं, तसं. लिनक्सवर मालक, गट आणि इतर अशी विभागणी. या दोन पद्धतींची सांगड सांबा घालतो, पण ऑफिसात कोणी काय करायचं हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं.

एका छापखान्यात एक विचित्र तक्रार होती. दराचं एक्सेल काउंटरवरच्या मॅडमनी सेव्ह केलं की त्यानंतर मालकांना ते नुसतं वाचता येई. मालकांनी बदल करायचे म्हटलं तर मॅडमनाच बोलवावं लागे. दोघांनी एकमेकांवर संशय घेईपर्यंत गोष्ट गेली होती. एक्सेल सेव्ह करताना मूळ फाइलीवर लिहीत नाही. आधी तात्पुरती नवी फाइल बनवतं, मग जुनी बाजूला सारून नवीला जुनीचं नाव देतं. म्हणजे लिनक्सच्या दृष्टीने दर वेळी नवी फाइल जन्मते आणि शेवटी सेव्ह करणारा तिचा मालक होतो. फोल्डरात बनणारी प्रत्येक फाइल 'काउंटर' या गटाच्या नावावर जाईल आणि गटाला लिहायची परवानगी असेल, असं ठरवून दिलं. तक्रार संपली आणि दोन माणसांमधला तिढाही सुटला. यंत्राच्या नियमांपायी माणसं एकमेकांना दोषी धरतात हे मी अनेक ऑफिसांत पाहिलं आहे. कारण समजावून सांगितलं की त्यांना हायसं वाटतं.

अशा वेळी झटपट मार्गही असतो. सगळ्यांना सगळी परवानगी. 'एव्हरीवन, फुल कंट्रोल.' तक्रार त्या क्षणी थांबते. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आधीच्या माणसाने अशी व्यवस्था करून ठेवली होती. एका लॅपटॉपवर मेलमधून खंडणीखोर व्हायरस आला आणि त्या लॅपटॉपला जिथे जिथे लिहिता येत होतं तिथल्या सगळ्या फाइली त्याने कुलूपबंद केल्या. बॅकअपचा फोल्डरही त्याच शेअरमध्ये होता. चालू कामाची बरीच ड्रॉइंगं नगरपालिकेत दाखल केलेल्या छापील प्रतींवरून पुन्हा काढावी लागली. मला बोलावणं आलं ते त्यानंतर. प्रत्येकाला स्वतःचं खातं, प्रत्येक कामाला स्वतःचा गट, आणि बॅकअप अशा जागी की जिथे रोजच्या कोणत्याच खात्याला लिहिता येत नाही, ही घडी तिथे बसवली. आता ती मी सगळीकडे पहिल्या दिवसापासून बसवते.

आता मराठीशी थेट जोडलेली गोष्ट. दिवाळी अंकांच्या हंगामात एका ऑफिसात सर्व्हरवर एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसू लागल्या. नाव होतं 'दुसऱ्या वाचनाचे प्रूफ'. एक ताजी, एक जुनी. मुद्रितशोधकांनी जुनी उघडून तिच्यावर सगळी दुपार घालवली. एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली असूच शकत नाहीत, म्हणजे नावं एक नव्हती. मी दोन्ही नावांचे बाइट काढून पाहिले. 'दुसऱ्या'मधला ऱ हा युनिकोडमध्ये एक स्वतंत्र वर्ण म्हणून लिहिता येतो, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता असा जोडूनही. दोन्ही सारखेच दिसतात. संपादकांनी विंडोजवरून थेट सर्व्हरवर ठेवलेल्या फाइलीत एकसंध ऱ होता. मांडणीच्या जुन्या मॅकवरची डिस्क एचएफएस प्लस पद्धतीची होती. ती पद्धत असे वर्ण सुटे करून साठवते, आणि आरसिंक या प्रोग्रॅमने होणारा रात्रीचा बॅकअप ते सुटं नाव तसंच लिनक्सवर घेऊन आला. लिनक्स नावाचे बाइट मोजतो, अर्थ बघत नाही. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली होत्या.

आरसिंकला मॅककडची नावं जोडून घ्यायला सांगणारा पर्याय आहे, तो लावला. आधीच साठलेली सुटी नावं कॉनव्हएमव्ही या नावं बदलणाऱ्या प्रोग्रॅमने एकसंध केली. पण तिसरा प्रकार उरला. काही जण पाय मोडलेला र आणि त्यापुढे न दिसणारा जोडक वर्ण टाकून तेच अक्षर उमटवतात. ते वरच्या कुठल्याही दुरुस्तीने जुळत नाही. त्यासाठी सगळ्यांच्या मशीनवर एकच इन्स्क्रिप्ट कळफलक ठेवला आणि उरलेली नावं हाताने बदलली.

लांब नावांची भानगडही अशीच. विंडोजला फाइलीच्या नावात २५५ खुणा चालतात. लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर मर्यादा २५५ बाइटांची आहे, आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते. मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. 'दिवाळी' आपल्याला तीन अक्षरं दिसतात. सर्व्हरला ते अठरा बाइट. म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ खुणांचं नाव बसतं. 'संपादकांच्या दुरुस्त्यांसह अंतिम' अशी शेपटं वाढत गेली की फाइल विंडोजवर नांदते आणि सर्व्हरवर जायला नकार देते. शिवाय आपल्याकडे आद्याक्षरांनंतर टिंब द्यायची पद्धत. 'व्ही. एस.' असा टिंबाने संपणारा फोल्डर मॅकच्या बॅकअपमधून सर्व्हरवर आला की विंडोजला तो मान्य नसतो, आणि त्याच्या जागी भलतंच तोडकंमोडकं नाव दिसतं. मग फोल्डर हरवला म्हणून शोधाशोध.

यावर पुष्कळ तंत्रज्ञ एकच सल्ला देतात: फाइलींना इंग्रजीतच नावं द्या. मला तो पटत नाही. जी माणसं दिवसभर मराठीत वाचतात, लिहितात, छापतात त्यांनी स्वतःच्या कामाला परक्या लिपीत का शोधायचं? युनिकोडने देवनागरीला पूर्ण जागा दिलेली आहे. अडचणी आहेत त्या ठाऊक असलेल्या आणि मोजक्या आहेत. म्हणून मी प्रत्येक ऑफिसात नावांचे नियम एका पानावर छापून भिंतीवर लावते. नाव आटोपशीर ठेवा, शेवटी टिंब किंवा मोकळी जागा नको, तारखेत तिरकी रेघ नको, आडवी द्या, अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह नको, कळफलक एकच. त्याच्या शेजारी एक वही टांगलेली असते. राउटर बदलला, मशीन नवं आलं, कोणी नोकरी सोडली की तारीख घालून तिच्यात लिहायचं. पुढच्या वेळी बिघाड शोधताना मी आधी ती वही उघडते.

२०२४च्या अखेरीस विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आलं. त्याच्या प्रो आवृत्तीत शेअरिंगच्या प्रत्येक जोडणीला डिजिटल सही मूळ सेटिंगमध्येच सक्तीची झाली आणि पाहुणा म्हणून पासवर्डाशिवाय शिरण्याची वाटही तशीच बंद झाली. जिथे नॅस विनापासवर्ड सगळ्यांना खुला ठेवलेला होता, त्या ऑफिसांतून मला नवे फोन येऊ लागले. ज्या ठिकाणी प्रत्येकाचं स्वतःचं खातं होतं आणि नॅसचं फर्मवेअर वेळच्या वेळी नवं केलेलं होतं, तिथे अपडेट आलं नि गेलं, काम थांबलं नाही. त्यांच्याकडे मी वेगळं काही केलेलं नव्हतं, जे आधी करायचं तेच आधी केलं होतं. नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींना म्हणून मी एवढंच सांगते. बोलणं कोणत्या पायरीवर तुटलं ते शोधा आणि दुरुस्ती त्याच पायरीवर करा. सगळी कुलपं काढून दिली की त्या दिवसाची तक्रार मिटते, पण त्या फोल्डरात लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत असते, आणि ती आपल्या भरवशावर ठेवलेली असते.